कारभारणीची काळजी आणि शेतावरील सावधगिरी

रब्बीच्या हंगामात ज्या आठवड्यात शेतीपंपांच्या विजेची पाळी रात्रीची असते, त्या आठवड्यात गावोगावी एकच प्रसंग घडत असतो. जेवणे आटोपलेली असतात. शेतकरी कांबळे खांद्यावर टाकतो, कोपऱ्यातील फावडे उचलतो आणि गव्हाची अथवा कांद्याची दारे धरण्यासाठी उंबरा ओलांडतो. कारभारीण दारापर्यंत येते व म्हणते, "आवं, जरा जपून जावा." त्यावर "त्यात काय व्हतंय? रोजचंच हाय," एवढे बोलून तो अंधारात दिसेनासा होतो. दार लोटले जाते, पण कडी लावली जात नाही. पहाटे अंगणात पावले वाजेपर्यंत ती माउली अर्धवट जागीच असते.

हा प्रसंग इतका नित्याचा आहे की त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. आम्ही विस्तारकार्य करणारी मंडळी बियाणे, खते, पाण्याच्या पाळ्या यांविषयी तासन् तास बोलतो. परंतु घरच्या बाईला वाटणारी काळजी हा आमच्या लेखी कृषिविषयच नसतो. तिची गणना आम्ही स्त्रीस्वभावाच्या हळवेपणात करून मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाचीही अनेक वर्षे हीच समजूत होती. ती एका लहानशा गावातील महिलांच्या सभेत दूर झाली. विषय परसबागेचा होता. बोलणे आटोपल्यावर सहज विचारले की, घरचा माणूस शेतावर गेल्यानंतर तुम्हाला कशाची धास्ती वाटते? काही क्षण कोणी बोलेना. मग मागच्या रांगेतील एक बाई म्हणाली, "आमच्या हिरीवर आटो बसवलाय. लाईट आली की मोटर आपसूक सुरू व्हती. आन् हे मोटर बघाया हिरीत उतरत्यात. लाईट कवा यील, कुनी सांगावं? मी काठावर जीव मुठीत धरून बसते."

त्या विहिरीवर लेखक ठिबक संचाच्या निमित्ताने चार वेळा गेला होता. पाण्याची पातळी पाहिली होती, नळ्यांचा व्यास मोजला होता. स्टार्टरला जोडलेली ती छोटी पेटी डोळ्यांसमोर असूनही कधी दिसली नव्हती. त्या बाईने मात्र धोक्याचे स्थान, कारण आणि घटका या तिन्ही गोष्टी दोन वाक्यांत नेमक्या सांगितल्या.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जो माणूस एखादे काम नित्य करतो, त्याची नजर त्या कामातील धोक्याला सरावते. शंभर वेळा ओल्या हाताने स्टार्टरचे बटण दाबले आणि काही झाले नाही, म्हणजे एकशे एकाव्या वेळीही काही होणार नाही असे त्याचे मन त्याला सांगते. काठावर बसलेल्या अथवा दारात उभ्या असलेल्या व्यक्तीची नजर अशी सरावलेली नसते. म्हणून कारभारणीची काळजी ही पुष्कळदा निरीक्षणातून निर्माण झालेली असते. दोष एवढाच की ती "जपून जा" या मोघम शब्दांत व्यक्त होते, आणि मोघम बोलण्याला "काही होत नाही" असे मोघम उत्तर देणे फार सोपे असते. यास्तव काळजीची फोड केली पाहिजे. नेमकी कशाची भीती वाटते आणि ती टाळण्यासाठी निघण्यापूर्वी कोणती एक गोष्ट करता येईल, असे पतिपत्नींनी एकदा बसून ठरविले पाहिजे.

प्रथम विजेचा विचार करू. पुरवठा सुरू होताच पंप आपोआप चालू करणारी 'ऑटो'ची सोय रात्री उठण्याचे कष्ट वाचविते, हे खरे. परंतु पुरवठा बंद आहे म्हणून निर्धास्तपणे वायरला हात घालणाऱ्याचा अथवा विहिरीत उतरणाऱ्याचा ती घात करू शकते. म्हणून दुरुस्ती करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा, तिन्ही फेजच्या फ्यूजपकडी, ज्यांना पुष्कळ ठिकाणी 'किटकॅट' म्हणतात, त्या काढाव्यात आणि त्या तेथेच पेटीवर न ठेवता स्वतःच्या खिशात टाकाव्यात. खिशातील फ्यूज दुसरा कोणी परस्पर लावू शकत नाही. पंपाच्या पेटीचे आणि मोटरच्या सांगाड्याचे अर्थिंग जमिनीत नीट पोचले आहे किंवा नाही, हे जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी ओतावे. पेटीजवळ कोरडी फळी अथवा रबरी पट्टी टाकावी आणि ओल्या हाताने व अनवाणी पायाने बटणाला स्पर्श करू नये. तारेवर आकडा टाकणे आणि रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणे या दोन्ही गोष्टी कायद्याने गुन्हा आहेत; शिवाय त्या कुंपणाला पहिला हात अनेकदा घरच्याच माणसाचा लागतो.

कोणाला विजेचा झटका बसून तो तारेला चिकटला असेल, तर त्याला हात लावू नये. प्रथम मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर सारावी. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोराने दाबत राहावे आणि दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही क्रिया घरातील बायकांनाही शिकवावी. दुर्घटनेच्या वेळी शेतावर बहुधा त्याच जवळ असतात.

रात्रीच्या पाण्याचा दुसरा धोका बांधावरचा. वर्ष २००० ते २०१९ या कालावधीत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत मांडण्यात आला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतील होते आणि बहुसंख्य माणसे खेड्यांतील होती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. घोणस पाचोळ्यात निपचित पडून राहते आणि पाय पडला की चावते. म्हणून गुडघ्याच्या खाली पोचणारे गमबूट व हातात बॅटरी असल्यास धोका पुष्कळ कमी होतो. मोबाईलचा उजेड पुरतो असे पुष्कळांना वाटते. परंतु एका हाती फावडे आणि दुसऱ्या हाती मोबाईल असला की वाट चाचपण्यास काठी धरता येत नाही, आणि मोबाईलची विजेरी संपली की बोलावणेही बंद होते. बॅटरी वेगळी असावी.

मण्यारीची गोष्ट निराळी आहे. ती रात्री हिंडते, पुष्कळदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंशाच्या जागी वेदना किंवा सूज जवळजवळ नसते. पाणी लावून दमलेला माणूस खोपटात जमिनीवरच कांबळे अंथरून पडतो; पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, आणि घरचे लोक त्याला शिळ्या अन्नाची बाधा समजतात. रात्री शेतावर झोपून आलेल्या माणसाच्या पापण्या उघडत नसतील, तर चावल्याची खूण शोधत बसू नये. तडक रुग्णालय गाठावे. शेतावरील खोपटात बाज असावी आणि तिच्यावर मच्छरदाणी लावून ती गादीखाली नीट खोचलेली असावी. डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी सापालाही अडविते.

दंश झाल्यावर माणसाला चालवू नये. दंश झालेला हात अथवा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे फळीला बांधून स्थिर ठेवावा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत, कारण सूज आल्यावर ती निघत नाहीत. दोरीने आवळून बांधणे, जखम कापणे, रक्त चोखणे यांपैकी काहीही करू नये. मांत्रिकाकडे गेलेली घटका परत मिळत नाही. या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस शासकीय रुग्णालयांतून दिली जाते. आपल्या गावाहून सर्वांत जवळच्या कोणत्या रुग्णालयात ती उपलब्ध असते, हे पावसाळ्यापूर्वीच विचारून ठेवावे. विंचवाच्या बाबतीत कोकणातील अनुभव आशादायक आहे. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तांबड्या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून अनेक रुग्णांचे प्राण वाचविले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. उपचार वेळेवर मिळाला तर विंचवाच्या दंशातूनही माणूस उठतो. 'आता काही उपयोग नाही' असे म्हणून कोणी घरी बसू नये.

आता फवारणीकडे वळू. या विषयात कारभारणीची काळजी जेथे संपते असे आपण समजतो, तेथे तिचा स्वतःचा धोका सुरू होतो. वर्ष २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पीक डोक्याएवढे वाढलेले, हवा कुंद आणि दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली. फवाऱ्याचा तुषार पानांवर बसण्याऐवजी माणसाच्या तोंडावर व छातीवर बसत होता. विष केवळ पोटात गेल्यानेच बाधते हा समज चुकीचा आहे. ते कातडीतून शोषले जाते. भिजलेली विजार तशीच अंगावर ठेवून दुपारपर्यंत फवारणी करणारा माणूस हळूहळू विषच घेत असतो.

वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, पोटात काही नसताना फवारणीस निघू नये, फवारताना तंबाखू मळू नये, नोझल तोंडाने फुंकू नये, या सूचना आपण ऐकत आलो आहोत. परंतु त्या सूचना पाळूनही माणूस घरी येतो, तेव्हा विष कपड्यांत असते. तो कपडे अंगणात टाकतो आणि त्याची बायको ते मुलांच्या कपड्यांबरोबर एकाच पाण्यात, उघड्या हातांनी चोळून धुते. तिने पंपाला हातही लावलेला नसतो. फवारणीचा एक जोड वेगळा ठेवावा, तो घरात आणूच नये, प्रथम फवारणाऱ्याने स्वतः त्यावर भरपूर पाणी ओतावे आणि नंतर हातमोजे घालून तो साबणाने स्वतंत्र धुवावा व उन्हात वाळवावा. ते पाणी आडात, ओढ्यात अथवा जनावरांच्या हौदात जाऊ देऊ नये. औषधाच्या रिकाम्या बाटलीत तेल किंवा रॉकेल भरून ठेवण्याची सवय फार घातक आहे. बाटलीला भोक पाडून ती निरुपयोगी करावी.

बाटलीवरील चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. ज्या घरात वाचणारी लेक आहे, तेथे ही खूण तिच्याकडून वाचून घ्यावी. फवारून आलेल्या माणसाला दरदरून घाम येणे, लाळ गळणे, उलट्या होणे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे ही लक्षणे दिसली, तर ऊन लागले असेल असे म्हणत बसू नये. त्याचे कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि त्याला औषधाच्या बाटलीसह अथवा वेष्टनासह रुग्णालयात न्यावे. वेष्टन पाहिल्यावर डॉक्टरांना उपचार ठरविणे सोपे जाते.

काळजी एकाच बाजूने वाहते असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळ शेतकरी बायकोविषयी चिंता करतात, परंतु ती बोलून दाखविणे त्यांना कमीपणाचे वाटते. गोवऱ्यांचा उडवा आणि सरपणाचा ढीग ही विंचवाची व सापाची आवडती ठिकाणे आहेत, आणि पहाटेच्या अंधारात तेथे हात घालणारी बहुधा बाईच असते. उडव्याजवळ एक दिवा लावून देणे आणि काठीने आपटल्यावाचून हात घालू नये असे सांगणे यास काही खर्च नाही. तसेच कडबाकुट्टीचे. पदर, ओढणी, मफलर, मनगटातील सैल बांगड्या यांपैकी काहीही यंत्राजवळ नसावे. पट्ट्यावर आणि चाकावर जाळी असावी. पेंढी अडकली तर यंत्र बंद केल्यावाचून बोटांनी ढकलू नये. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मुलाला बसविण्याचा हट्ट तर बापानेच मोडून काढावा. आईने ओरडण्याची वेळ येऊ देऊ नये.

अलीकडे खेड्यातील घरांत एक नवी काळजी शिरली आहे, ती व्यायामाची. मधुमेह व रक्तदाब हे विकार शहरापुरते राहिलेले नाहीत. डॉक्टर रोज चालण्यास सांगतात. पन्नाशीचा शेतकरी प्रथम हसतो व म्हणतो की, शेतात राबतो तो व्यायामच नव्हे काय? पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत त्याचे म्हणणे बरोबर असते. परंतु मोटरसायकलवरून बांधापर्यंत जाणारा आणि नांगरट ट्रॅक्टरने करून घेणारा माणूस वर्षातील कित्येक महिने फारसे चालतच नाही. मग पत्नीच्या आग्रहाने तो पहाटे साडेचारला उठून डांबरी रस्त्याने चालू लागतो, आणि ज्या पत्नीने त्याला धाडले, तीच आता उसाच्या ट्रॉल्या आठवून धास्तावते. दोघांचेही बरोबर आहे. उजाडल्यावर चालावे, शक्य तर शेताची अथवा गाडीवाट धरावी, डांबरी रस्ताच असेल तर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. पांढरा सदरा घालावा, काळे कांबळे पांघरू नये. मधुमेहाची गोळी अथवा इन्सुलिन घेणाऱ्याने अगदी उपाशीपोटी लांब जाऊ नये आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम सुटून हातपाय थरथरू लागले तर ती लगेच तोंडात टाकावी. अनवाणी चालू नये, कारण मधुमेह्याच्या तळपायाला काटा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. संध्याकाळी त्याचे तळपाय पाहण्याचे काम पत्नीने आपल्याकडे घ्यावे; त्याची स्वतःची दृष्टी तेथवर पोचत नाही.

चालताना छाती आवळल्यासारखी वाटली, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, थंड घाम आला, तर तेथेच बसावे आणि मदत मागवावी. हा वायू आहे असे समजून ओवा चघळत घरापर्यंत चालत येणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. पोलीस भरतीसाठी अंधारात हमरस्त्यावर धावणाऱ्या तरुणांनाही हे रस्त्याचे नियम लागू आहेत. त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीने शाळेचे मैदान पहाटे उघडे ठेवले, तर कित्येक आयांना झोप लागेल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यापुढे गावात गेल्यावर शेतकऱ्याबरोबर त्याच्या कारभारणीलाही वर दिलेला प्रश्न विचारून पाहावा. चारचौघांत ती बोलणार नाही. तिच्या अंगणात, शक्य तर महिला कार्यकर्तीसमवेत विचारावे. तिचे उत्तर ऐकून पुरुषमंडळी हसू लागली तर आपण हसू नये. दुर्दैवाने अपघात घडलाच, तर २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना राज्यात राबविण्यात येत असून मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपयांचे साहाय्य मिळू शकते. त्यात वीज, सर्पदंश व कीटकनाशकांची विषबाधा यांचाही समावेश आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विनाविलंब करावयाचा असतो. शोकात असलेल्या घराला मुदतीचे भान राहत नाही. ते भान कार्यकर्त्याने ठेवावयाचे आहे.

ज्या बाईने सभेत विहिरीची गोष्ट सांगितली, तिच्या घरी नंतर जाणे झाले. ऑटोची पेटी अद्याप आहे. रात्रीच्या पाळीत ती काढून टाकणे त्या शेतकऱ्याला परवडणारे नव्हते, आणि त्याचे म्हणणे समजण्यासारखे होते. परंतु दाराच्या चौकटीला विजेच्या पाळ्यांचा कागद चिकटविलेला दिसला आणि त्याशेजारी खिळ्याला एक कापडी पिशवी अडकविलेली होती. मोटरचे काम निघाले की शेतकरी तिन्ही फ्यूज काढून त्या पिशवीत टाकतो आणि पिशवी बायकोच्या हाती देतो. ती काठावर बसते. तो वर आल्याखेरीज पिशवी सोडत नाही. "पयल्यांदा मला हसू आलं व्हतं," तो सांगत होता, "आता हिच्या हातात पिशवी दिसल्याबिगर मलाच उतरू वाटत न्हाई."